डब्यांचा हिशेब: एक्सेल सोडून डेटाबेस शिकतेय, एका जागी अडकलेय

पोळीभाजी_दांडियाबाजार
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई गेली अकरा वर्षं बडोद्यात दांडिया बाजारातून डबे देतो. दुपारचे पंचेचाळीस-पन्नास, रात्रीचे चाळीसेक. विद्यापीठातली मुलं, फतेहगंजच्या पीजीत राहणारे नोकरदार आणि आसपासची एकटी राहणारी वयस्कर माणसं.

हिशेब सगळा एक्सेलमध्ये. महिन्याला एक शीट, उभी नावं, आडव्या १ ते ३१ तारखा. डबा गेला की १, नाही गेला की ०. शेवटी बेरीज, तिला दराने गुणलं की बिल तयार. कामात कधी खोळंबा झाला नाही, त्यामुळे दुसरं काही शिकावं असं मनातही आलं नव्हतं.

मग फेब्रुवारीत एक प्रकार झाला. डबे भरताना भिंतीवर एक कागद लावतो: नाव, पत्ता, सूचना. तिखट कमी, पोळ्या तीनच, मीठ नाही, असं. नावं अकारविल्हे लावावीत म्हणून मी नावांचा रकाना निवडला आणि सॉर्ट केलं. शेजारचे रकानेही बरोबर घेऊ का असं एक्सेलने विचारलं, मी घाईत नको म्हटलं. नावं हलली, सूचना जागच्या जागी राहिल्या. रावपुऱ्यातल्या एका आजोबांना बिनमिठाची भाजी जाते. दोन दिवस त्यांच्याकडे साधी भाजी गेली आणि बिनमिठाची एका हॉस्टेलच्या मुलाकडे. मुलगा काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आजोबांच्या सुनेचा फोन आला, पायांवर सूज आली आहे, तुम्ही काही बदललंत का? आता ते ठीक आहेत. पण त्या दिवशी मी शीट उघडलं आणि माझा हात माउसवर जाईना.

तेव्हापासून रात्री जेवणं आवरली की डेटाबेस शिकतेय. भाच्याने डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट घालून दिलं (एसक्यूलाइट हा एक छोटा डेटाबेस, आणि हा प्रोग्राम तो उघडून दाखवतो), पैसे लागले नाहीत. टेबल, प्रायमरी की (प्रत्येक ओळीची स्वतःची ओळख), क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) हे शब्द कळले. पण प्रत्यक्षात मी नाव आणि तारीख_१ ते तारीख_३१ असे रकाने असलेलं टेबल केलं. म्हणजे माझं शीटच झालं, फक्त जास्त अवघड. महिन्याची बेरीज करायला एकतीस नावं लिहून मध्ये अधिकची चिन्हं घालावी लागतात. असं नसणार हे कळतंय, पण चूक कुठे आहे ते कळत नाही.

मकरपुरा_स्टोअर
सोमवार, रात्री ११:२५

ताई, चूक त्या एकतीस रकान्यांत आहे. ते कागदाचं रूप आहे. कागदावर तारखा आडव्या घेतो कारण डोळ्याला एका नजरेत महिना दिसतो. टेबल मात्र बघण्यासाठी नसतं, नोंदण्यासाठी असतं.

मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. आमच्याकडे प्रत्येक मालाच्या खणाला बिन कार्ड लटकवलेलं असायचं. माल आला, एक ओळ. माल गेला, एक ओळ. कोणी म्हणत नाही की मार्चचा रकाना वेगळा काढा. तुमच्याकडे घडतं काय? एक डबा एका दारी जातो. ते घडलं की एक ओळ. गिऱ्हाईक क्रमांक, तारीख, वेळ (दुपार किंवा रात्र), स्थिती. बस. पुढच्या महिन्यात नवं टेबल नाही, त्याच टेबलात खाली ओळी वाढत जातात.

गिऱ्हाइकांचं टेबल वेगळं. तिथे नाव, पत्ता, फोन, सूचना एकदाच. डब्यांच्या टेबलात नाव लिहायचंच नाही, फक्त क्रमांक.

जुनी शीटं हाताने फोडत बसू नका. एक्सेल २०१६ किंवा नंतरचं असेल तर डेटा टॅबमधून पॉवर क्वेरीत (एक्सेलमधलंच माहितीची मांडणी बदलायचं साधन) न्या, नावाचा रकाना निवडा आणि ‘अनपिव्होट अदर कॉलम्स’ म्हणा. आडव्या तारखा उभ्या होतात.

कारेलीबाग_क्लास
मंगळवार, सकाळी ७:१०

वेगळं मत मांडतो, राग नसावा. नव्वद डब्यांसाठी डेटाबेस लागत नाही. यादीत कुठेही क्लिक करून कंट्रोल आणि टी दाबलं की एक्सेल तिला टेबल मानतं. मग सॉर्ट करताना पूर्ण ओळ हलते, नुसतं नाव हलत नाही. आजोबांच्या बाबतीत झालं ते तेवढ्यानेही टळलं असतं. एक्सेलची मर्यादा एका शीटला १०,४८,५७६ ओळींची आहे, तुम्ही तिच्या जवळपासही नाही. रोज रात्री दमून शिकण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम आहे.

पोळीभाजी_दांडियाबाजार
मंगळवार, दुपारी ३:५५

दादा, कंट्रोल-टी आजच करून पाहिलं, खरंच ओळ एकत्र हलते. हे मला आधी कोणी सांगायला हवं होतं. पण माझा प्रश्न त्यापुढचा आहे. आजोबांचं नाव माझ्या फाइलमध्ये प्रत्येक महिन्याच्या शीटवर आहे आणि सूचनाही प्रत्येक शीटवर. सूचना बदलली की मी ती चालू महिन्यात बदलते. पुढच्या महिन्याचं शीट करताना चुकून जुन्याची प्रत काढली, की जुनी सूचना परत येते. हे दोनदा झालंय. मला ‘मीठ नाही’ हे शब्द घरात एकाच जागी लिहिलेले हवे आहेत.

मकरपुरा दादा, बिन कार्ड वाचलं आणि लख्ख कळलं. माझ्या सासऱ्यांची दुधाची वही अशीच होती. रोजची एक ओळ.

दाखलक्रमांक
मंगळवार, रात्री ९:३०

मी निवृत्त ग्रंथपाल. ताईंनी ‘एकाच जागी’ म्हटलं म्हणून लिहितो, कारण बडोद्याला हा विचार नवा नाही.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बोलावलं आणि संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी बसवून घेतली. आमच्या पिढीने काम शिकलं ते कार्डांच्या खणांवर. पुस्तक ग्रंथालयात आलं की दाखल नोंदवहीत एक ओळ आणि एक दाखल क्रमांक. तो क्रमांक पुस्तकाचा जन्मभराचा. पुस्तक हरवलं तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही. मग त्याच पुस्तकाची तीन कार्डं: लेखकाच्या नावाचं, पुस्तकाच्या नावाचं, विषयाचं. तीन खणांत, तीन क्रमांनी लावलेली. वाचक कोणत्याही खणातून आला तरी त्याच एका पुस्तकापाशी पोचायचा.

निवृत्तीनंतर नातीने मला डेटाबेस दाखवला तेव्हा शब्द तेवढे नवीन वाटले. प्रायमरी की म्हणजे दाखल क्रमांक. इंडेक्स म्हणजे ते कार्डांचे खण. फॉरेन की म्हणजे देवघेव वहीत लिहिलेला दाखल क्रमांक. तिथे आम्ही पुस्तकाचं नाव पुन्हा लिहीत नसू.

पुस्तक फळीवर कितवं आहे याला अर्थ नसतो. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना रिलेशनल मांडणीचा जो निबंध लिहिला, त्यातही ओळींच्या क्रमाला अर्थ ठेवलेला नाही. क्रम तुम्ही मागाल तेव्हा लावून मिळतो. एक्सेलवरून येणाऱ्याला हे सोडणं सगळ्यांत जड जातं असं मी पाहिलं आहे.

पोळीभाजी_दांडियाबाजार
मंगळवार, रात्री १०:५०

काका, अगदी खरं. मला ओळी पाठ आहेत. सतरावी ओळ म्हणजे आजोबा, बाविसावी म्हणजे सुरसागरजवळच्या काकू. टेबलात आजोबा कधी वर, कधी खाली. पहिले दोन दिवस घरातलं सामान कोणी हलवल्यासारखं वाटत होतं. आता मी त्यांना क्रमांक दिलाय, ३. तो तसाच राहील. त्यांनी डबा बंद केला तरी दुसऱ्या कोणाला देणार नाही.

पोळीभाजी_दांडियाबाजार
रविवार, संध्याकाळी ५:२०

पाच दिवसांत झालेलं सांगते. गेल्या चार वर्षांची ४८ शीटं उभी केली. एक लाख सहा हजारांच्या आसपास ओळी झाल्या. पण वाटेत तीन खड्डे लागले, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिते.

पहिला, शीट साधं सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली नुसत्या मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह केलं तर सगळ्या मराठी नावांची प्रश्नचिन्हं झाली. सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडावं लागतं.

दुसरा, तारीख. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा असा वेगळा प्रकार नाही, मजकूर म्हणूनच राहते. माझ्या तारखा दिवस-महिना-वर्ष अशा होत्या, त्यामुळे क्रम लावला की सगळ्या महिन्यांच्या १ तारखा आधी, मग सगळ्या २ तारखा. एक्सेलमध्येच वर्ष-महिना-दिवस असा साचा देऊन परत आणल्या.

तिसरा खड्डा रंगांचा, आणि तो मोठा. मी न कळवता रद्द केलेला डबा १ लिहून पिवळा करत होते (सकाळी नऊच्या आत कळवलं नाही तर आम्ही डबा धरतो). पाहुण्यांसाठी जास्तीचा डबा हिरवा. सीएसव्हीत रंग येतच नाहीत. चार वर्षं मी अर्धा हिशेब रंगांत लिहीत होते आणि मला ते माहीतच नव्हतं. आता एवढे सेल डोळ्यांनी कसे शोधू?

मकरपुरा_स्टोअर
रविवार, संध्याकाळी ६:०५

ताई, शोधू नका. मूळ एक्सेलमध्ये फाइंड अँड रिप्लेस उघडा, ऑप्शन्समध्ये ‘फॉरमॅट’ असतं. शोधायचं १, फॉरमॅट पिवळा. बदलून लिहायचं ‘न’. ‘मॅच एन्टायर सेल’ची खूण करा, नाहीतर १० मधला १ पण बदलेल. ‘विदिन’मध्ये ‘वर्कबुक’ निवडलं की एका दमात सगळ्या शीटांवर होतं. मग हिरव्यासाठी ‘प’. आधी फाइलची प्रत काढा.

आमच्याकडेही एका सहकाऱ्याने मंजुरी रंगाने दाखवायची सवय लावून घेतली होती. तो बदलून गेला, आणि केशरी म्हणजे काय हे सांगणारं कोणी उरलं नाही. रंगाला अर्थ असेल तर तो रकाना आहे.

ग्वाल्हेरकर
रविवार, रात्री ८:४०

बडोद्याचा धागा आहे, तरी शेजारधर्माने ग्वाल्हेरहून लिहितो. आमच्याकडे एका मंडळाच्या सभासदांची यादी मी अशीच हलवली. ती कृतिदेव फाँटमध्ये होती. त्यात पडद्यावर देवनागरी दिसतं, पण आत साठवलेली इंग्रजी अक्षरं असतात. डेटाबेसमध्ये आणल्यावर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची जुळवाजुळव दिसली. आधी युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) बदलून घ्यावं लागलं, आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागली. जुन्या याद्या असतील त्यांनी हे आधी बघावं.

ताई, ० आणि रिकामा सेल यांचं तुम्ही काय केलंत? डेटाबेसमध्ये रिकाम्याला नल म्हणतात आणि नल म्हणजे शून्य नव्हे, ‘माहीत नाही’. त्याची तुलनाही होत नाही. ‘बरोबर नल’ असं विचारलं तर एकही ओळ मिळत नाही, ‘इज नल’ असं विचारावं लागतं. यात माझे दोन दिवस गेले.

पोळीभाजी_दांडियाबाजार
रविवार, रात्री ११:१५

ग्वाल्हेरकर दादा, तुम्ही विचारलंत आणि मी जुनी शीटं पुन्हा पाहिली. ० म्हणजे ‘आज नको’ असं कळवलं. रिकामा म्हणजे कधी गिऱ्हाईक गावाला, कधी आमचीच सुट्टी, आणि कधी मी लिहायलाच विसरले. नवरात्रात तर रात्रीच्या रकान्यात अर्धी शीटं रिकामी, कारण मुलं गरब्याला जातात, कोणी कळवत नाही, आम्हीही त्या नऊ रात्री धरत नाही. मला ते आठवतं म्हणून बिल बरोबर निघायचं. कागदावर ते कुठेच नव्हतं.

आता स्थितीचा रकाना केला: दिला, कळवून रद्द, न कळवता रद्द, पाहुणा, सुट्टी. यांशिवाय दुसरं काही लिहिलं तर टेबल घेणारच नाही अशी अट घातली (चेक म्हणतात तिला). जे आठवत नाही ते नल ठेवलं. ७१४ ओळी आहेत. बघून वाईट वाटतं, पण खोटं १ किंवा ० लिहिणार नाही.

पिवळे-हिरवे दहा मिनिटांत निघाले, मकरपुरा दादा. काय लिहू.

पोळीभाजी_दांडियाबाजार
बुधवार, रात्री १०:२०

नावांचं सांगायचं राहिलं. ४८ शीटांत वेगवेगळी नावं किती, असं विचारलं (सिलेक्ट डिस्टिंक्ट). उत्तर ४१२. एवढी गिऱ्हाइकं आम्हाला चार वर्षांत झालीच नाहीत. ‘काकू सुरसागर’, ‘सुरसागर काकू’, शेवटी एक मोकळी जागा असलेल्या ‘सुरसागर काकू’. हे समजलं. पण ‘कुऱ्हाडे वहिनी’ दोनदा येतात आणि दोन्हींत डोळ्याला काडीचाही फरक नाही. मोकळी जागा काढून पाहिली, तरी दोनच.

ग्वाल्हेरकर
बुधवार, रात्री १०:४५

तो आपला मराठीचा ऱ्ह आहे. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. फोनवर टाइप केलेलं आणि कॉम्प्युटरवर टाइप केलेलं असं मिसळलं की हे होतं. रिप्लेस फंक्शनने सगळे एकाच पद्धतीचे करून घ्या.

आणखी एक. क्रम लावताना ळ तुम्हाला ल आणि व यांच्या मध्ये दिसेल आणि क्ष हा ख च्या आधी, क च्या घरात. युनिकोडमधल्या जागेप्रमाणे लावलं जातं, आपल्या वर्णमालेप्रमाणे नाही. चूक तुमची नाही.

पोळीभाजी_दांडियाबाजार
गुरुवार, रात्री ११:३०

४१२ ची २६३ झाली. एकेक नाव जाऊबाईंना विचारून. त्यांना कोण कोणाकडून आलं, कोणाची बदली कुठे झाली, सगळं आठवतं. दोन रात्री आम्ही दोघी नावं वाचत बसलो.

आता दराचा प्रश्न. दर मी गिऱ्हाइकाच्या टेबलात ठेवला होता. जुलै २०२३ मध्ये आम्ही ८० चे ९० केले. आता जूनचं बिल काढलं तर तेही ९० ने निघतं. एक्सेलमध्येही हेच झालं होतं: सगळी शीटं दराच्या एकाच सेलला जोडलेली, सेल बदलला आणि एका मुलाचं जूनचं चुकतं केलेलं २६ डब्यांचं बिल २०८० चं २३४० झालं. मी त्याच्याकडे २६० रुपये बाकी मागितले. त्याने निमूट दिले. पावती सापडली तेव्हा परत केले, पण तोवर परीक्षा आटोपून तो सुरतेला गेला होता.

तुम्हीच शिकवलंत की प्रत्येक गोष्ट एकाच जागी. मग दर कुठे?

मकरपुरा_स्टोअर
शुक्रवार, सकाळी ६:५०

दर डब्याच्या ओळीत. त्या दिवशी तो डबा कितीला गेला, ही त्या डब्याची गोष्ट आहे, गिऱ्हाइकाची नाही. आजचा दर वेगळ्या टेबलात ‘या तारखेपासून’ असा ठेवा, आणि डबा नोंदताना तिथून उचलून ओळीत लिहा. पुढे दर बदलला तरी जुनी ओळ हलणार नाही. ही दुबार नोंद नव्हे. आजचा भाव आणि त्या दिवशी घेतलेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आकडा सारखा असला तरी.

जुन्या ओळींत दर भरताना अपडेट (ओळी बदलायची आज्ञा) वापराल. व्हेअर, म्हणजे कोणत्या ओळी ही अट, लिहायला विसरू नका, नाहीतर लाखभर ओळींत एकच दर बसेल.

पोळीभाजी_दांडियाबाजार
शुक्रवार, रात्री १०:०५

व्हेअर विसरले. सगळीकडे ९०. पोटात खड्डा पडला. मग वर ‘रिव्हर्ट चेंजेस’ दिसलं. ‘राइट चेंजेस’ दाबेपर्यंत या प्रोग्राममध्ये बदल पक्के होत नाहीत, हे वाचलं होतं, आज कळलं. परत फिरवलं, पुन्हा नीट केलं.

कारेलीबाग_क्लास
शनिवार, सकाळी ७:३०

ताई, मी पहिल्या दिवशी पाच मिनिटांचं काम म्हटलं होतं. तुमचे रंग आणि नवरात्र वाचून माझ्या क्लासच्या फीच्या शीटकडे पाहिलं. तिथेही चार रंग आहेत. एक विचारतो: डेटाबेसने असं काही दिलं का, जे शीटमध्ये मिळत नव्हतं?

पोळीभाजी_दांडियाबाजार
शनिवार, दुपारी ४:१५

हो दादा. जे घडलं नाही ते विचारता येतं. शीटमध्ये जे लिहिलंय तेच दिसतं. मी परवा विचारलं: गिऱ्हाईक चालू आहे, पण गेल्या दहा दिवसांत त्याच्या नावावर एकही ओळ नाही, असं कोण? क्वेरीचे शब्द इंग्रजीत टाइप करायचे, टेबलांची नावं मात्र देवनागरीत चालतात, म्हणून माझी टेबलं ‘गिऱ्हाईक’ आणि ‘डबे’ अशीच आहेत. गिऱ्हाईक लेफ्ट जॉइन डबे (म्हणजे डबा नसला तरी गिऱ्हाईक यादीत राहतं), जोडताना गेल्या दहा दिवसांची अट, आणि शेवटी डब्याचा क्रमांक इज नल. (तारखेची अट व्हेअरमध्ये घातली तर उत्तर रिकामं येतं, ती जोडण्याच्या ऑनमध्येच हवी. यात माझी एक संध्याकाळ गेली.)

चार नावं आली. तिघं गावाला गेलेले, मला माहीत होते. चौथं नाव वाडी भागातल्या एका बाईंचं, सत्तरीच्या. मी फोन केला. पडल्या होत्या, हाताला प्लास्टर, मुलगी येऊन राहिलीये, म्हणून डबा नको होता. कळवायचं राहिलं म्हणाल्या. काल भाजणीचं थालीपीठ देऊन आले.

दाखलक्रमांक
शनिवार, रात्री ९:००

ताई, दोन व्यवहारी गोष्टी. डीबी ब्राउझरच्या ‘एडिट प्रॅग्माज’ टॅबमध्ये फॉरेन कीजची खूण आहे का पाहा. एसक्यूलाइट हा नियम सांगितल्याशिवाय पाळत नाही, आणि मग नसलेल्या गिऱ्हाइकाच्या नावे डबा नोंदला जाऊ शकतो. दुसरं, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये असतो, तिची रोज रात्री पेनड्राइव्हवर प्रत. प्रोग्राम बंद करून मगच प्रत काढा. ती फाइल दोन संगणकांवरून नेटवर्कने एकाच वेळी उघडू नका.

पोळीभाजी_दांडियाबाजार
सोमवार, दुपारी २:४०

खूण आहे काका. पेनड्राइव्ह देवघराच्या खणात ठेवला.

आज भिंतीवरचा कागद पहिल्यांदा डेटाबेसमधून निघाला. ‘आजचे_डबे’ असा व्ह्यू (नाव देऊन ठेवलेली क्वेरी) केलाय. नाव, पत्ता आणि सूचना गिऱ्हाइकाच्या टेबलातून येतात. तो सीएसव्ही करून एक्सेलच्या डेटा टॅबमधून आत घेते आणि छापते. छापायला एक्सेलसारखं दुसरं नाही.

जाऊबाईंनी जुनी डायरी शेजारी ठेवून पेन्सिलीने एकेक टिंब करत कागद तपासला. ४७ पैकी ४६ जुळले. सत्तेचाळिसाव्यात डायरीत ‘पोळ्या ४’, कागदावर ‘पोळ्या ३’. त्या म्हणाल्या, डायरी जुनी आहे, त्याने दिवाळीनंतर तीन केल्या, मीच लिहिलं नव्हतं. मग आजोबांच्या ओळीपाशी थांबल्या, ‘मीठ नाही’ वर बोट ठेवलं आणि तो डबा स्वतः भरला.

उद्यापासून दुपारच्या नोंदी त्या करणार आहेत. त्यांना टेबल उघडून द्यायचं नाहीये, फक्त नाव निवडून स्थिती टाकता येईल असा फॉर्म हवाय. डीबी ब्राउझरमध्ये तसा दिसत नाही. लिब्रऑफिस बेस (डेटाबेसला फॉर्म जोडता येणारा प्रोग्राम) कोणी वापरलंय का?